लेबल काहून लागत नाही? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात क्लाउडवरच्या डेटाबेसमधल्या माहितीला संवेदनशीलतेचं लेबल आपोआप कसं लावायचं ते लिहिलं होतं, म्हणजे मायक्रोसॉफ्ट पर्व्ह्यू ही सिस्टीम डेटाबेस स्कॅन करते, कुठल्या कॉलममध्ये आधार आहे, कुठल्यात पॅन आहे ते ओळखते आणि त्यावर 'गोपनीय' वगैरे लेबल लावते, तो विषय. त्यावर पत्रं आली, व्हॉट्सॲपवरही बरेच मेसेज आले, आणि बहुतेकांचं म्हणणं एकच की सगळं सांगितलं तसं केलं तरी लेबल लागत नाही, नाहीतर भलतीकडेच लागते. त्यातले पाच प्रश्न इथं घेतले. नावं छापत नाही, फक्त गाव देतो, कारण विषयच मुळात कोणाची माहिती कुठं जाऊ नये याचा आहे.

घाटंजी तालुक्यातून एक ताई विचारतात:

दादा, आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, सभासदांची यादी अझ्युरच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या, एसक्यूएल डेटाबेसमध्ये ठेवली. 'अतिगोपनीय' नावाचं लेबल बनवलं, त्यात आधार नंबरचा नियम टाकला, पब्लिश केलं. स्कॅन पूर्ण झालं म्हणून दाखवते, एकही एरर नाही, पण आधारच्या कॉलमवर लेबल काही दिसत नाही. मी टेस्टसाठी एक वेगळं टेबल करून दहा-बारा ओळी टाकल्या, १२३४ ५६७८ ९०१२ अशा, तिथंही नाही लागलं. चार दिवसांपासून हेच करून राहिली. कपाशीचे पेमेंट सुरू व्हायच्या आधी हे झालं पाहिजे असं संचालक मंडळाचं म्हणणं आहे. माझं चुकते कुठं?

उत्तर: ताई, पहिले त्या टेस्टच्या टेबलाचं सांगतो, कारण चार दिवस त्यातच गेले असतील. १२३४ ५६७८ ९०१२ हा आधार नंबर होऊच शकत नाही. खरा आधार शून्य किंवा एकानं सुरू होत नाही, आणि त्याचा शेवटचा बारावा आकडा हा आधीच्या अकरा आकड्यांवरून काढलेला तपासणीचा आकडा असतो, व्हेरहॉफ नावाच्या पद्धतीनं. एक आकडा जरी चुकला तरी ते गणित जुळत नाही. पर्व्ह्यू हे गणित करून पाहते, म्हणून तुमच्या बनावट नंबरला तिनं आधार मानलं नाही आणि ते बरोबरच केलं. वरून तुम्ही दहा-बारा ओळींत एकच नंबर टाकला. वर्गीकरणाच्या नियमाला कॉलममध्ये निदान आठ वेगवेगळ्या किमती (म्हणजे आत टाकलेल्या नोंदी) दिसाव्या लागतात आणि त्यातल्या साठ टक्के तरी जुळाव्या लागतात, तेव्हा तो म्हणते की हो, हा आधारचा कॉलम आहे. म्हणजे ते टेबल तीन कारणांनी नापास झालं आणि त्यावरून तुम्ही समजल्या की सेटिंगच चुकली. टेस्टचं टेबल आता पुसून टाका.

आता खऱ्या टेबलाकडे या. यात पहिले एकच गोष्ट पाहायची: कॉलमवर वर्गीकरण तरी आलं का? पर्व्ह्यूत वर्गीकरण म्हणजे 'हा आधार आहे' ही ओळख, आणि लेबल म्हणजे त्या ओळखीवरून मारलेला शिक्का. दोन वेगळ्या पायऱ्या आहेत या, आणि लोक सगळ्यात जास्त इथंच गोंधळतात. वर्गीकरण दिसते पण लेबल नाही, असं असलं तर दोष लेबलाच्या बाजूला शोधायचा: लेबलाच्या व्याप्तीत फायली आणि ईमेल एवढ्यावरच टिक आहे का, डेटाबेसच्या मालमत्तेवरची (मालमत्ता म्हणजे तिथली टेबलं, कॉलम) टिक राहून गेली का, त्या मालमत्तेसाठी आपोआप लेबल लावायचा नियम वेगळा द्यावा लागते तो दिला का, आणि लेबलं डेटा मॅपपर्यंत (स्कॅन केलेल्या माहितीची पर्व्ह्यू ठेवते ती नोंदवही) नेण्याची परवानगी एकदा द्यावी लागते ती ॲडमिननं दिली का. लायसन पण पाहून घ्या. हे सगळं बदललं तरी जुनं स्कॅन आपोआप सुधारत नाही बरं, बदल पोचायला वेळ जाते, म्हणून एक दिवस थांबायचं आणि मग पूर्ण स्कॅन पुन्हा चालवायचं, फक्त नवीन बदलांचं नाही.

आणि वर्गीकरणच आलं नाही असं असलं, तर मग दोष डेटात नाहीतर स्कॅनच्या नियमसंचात, म्हणजे स्कॅननं काय-काय शोधायचं त्या यादीत. नियमसंचात आधारची टिक आहे का ते पाहायला दोन मिनिटं लागतात. डेटाचं मात्र नीट पाहावं लागते, आणि तुमच्याकडे तेच निघालं. तुम्हाला मी मेसेज केला होता की कॉलमचा एक फोटो पाठवा, तर तुम्ही स्क्रीनवर बोट ठेवून मधले आकडे झाकले आणि फोटो काढला, ते पाहून मला खूप बरं वाटलं, कारण बरेच जण सरळ पूर्ण यादीच पाठवून देतात. तर त्या फोटोत पहिल्या दोन ओळी मराठी आकड्यांत टाइप केलेल्या आहेत. तिसऱ्या ओळीत शून्याच्या जागी इंग्रजी ओ अक्षर आहे. चौथीत आकडाच नाही, २.३४ आणि पुढं ई अधिक ११ असं काहीतरी आहे.

मराठी आकडे हे कॉम्प्युटरसाठी वेगळी चिन्हं आहेत, माणसाला दोन्ही दोनच दिसते पण इंग्रजी शून्य ते नऊ शोधणाऱ्या नियमाला मराठी दोन दिसतच नाही. त्यावर उपाय सोपा आहे, डेटाबेसमध्येच ट्रान्सलेट नावाचं फंक्शन आहे, दहा मराठी आकडे एका बाजूला द्यायचे आणि दहा इंग्रजी दुसऱ्या बाजूला, एका झटक्यात पूर्ण कॉलम बदलते. मराठी आकड्यांच्या अवतरणाआधी इंग्रजी कॅपिटल एन लावायला विसरू नका, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं होऊन बसतात. आधी नवीन कॉलम करून त्यात करा, डोळ्यानं तपासा, मगच जुना काढा.

ती ई अधिक ११ वाली ओळ मात्र गेली ताई. कोणीतरी यादी एक्सेलमध्ये उघडून सीएसव्ही म्हणून सेव्ह केली असणार. एक्सेलला बारा आकडे सरळ दिसले की तो मोठी संख्या समजून आखडून दाखवते, आणि सीएसव्हीत जे दिसते तेच उतरते, म्हणून मागचे आकडे कायमचे जातात. ते कोणत्याच नियमानं परत येणार नाहीत. त्या सभासदांचे फॉर्म पुन्हा काढावे लागतील. यापुढं एक्सेलमध्ये आधार, मोबाइल, बँक खातं हे कॉलम आधी टेक्स्ट करून ठेवायचे, मग माहिती टाकायची. बँकेच्या खात्याचं तर याहून वाईट होते, पंधराच्या पुढचे आकडे एक्सेल चुपचाप शून्य करून टाकते, आणि कोणाचं पेमेंट का परत आलं ते महिनाभर कळत नाही.

एक अजून. काही सभासदांचा आधार तुम्ही आधीच फक्त शेवटचे चार आकडे ठेवून झाकलेला असेल तर तिथं लेबल लागणार नाही, आणि नाही लागलं तरी चालते. मी तर म्हणतो पेमेंटला पूर्ण आधार लागत नसेल तर ठेवूच नका. जी माहिती आपल्याकडे नाहीच, ती सांभाळायचं काम पण नाही.

चिखलीहून एका पतसंस्थेत काम करणारे भाऊ:

आमचं स्कॅन कधी होते, कधी होत नाही. पहाटे लावलं तर फेल, दुपारी हातानं चालवलं तर चालते. एरर ४०६१३ येते. फायरवॉल तर बरोबर आहे.

उत्तर: भाऊ, फायरवॉल चुकीची असती तर दुपारीही चाललं नसतं. तुमचा डेटाबेस सर्व्हरलेस आहे, बिल कमी यावं म्हणून घेतलेला. काही वेळ कोणी वापरला नाही की तो झोपी जाते, आणि पहाटे स्कॅननं दार ठोठावलं की पहिल्या हाकेला 'सध्या उपलब्ध नाही' असं म्हणते, तोच हा ४०६१३. तो उठतो, पण उठेपर्यंत स्कॅन फेल होऊन निघून गेलेलं असते. स्कॅन दुपारी संस्था चालू असतानाच्या वेळेला लावा, नाहीतर स्कॅनच्या थोडं आधी एखादी साधी क्वेरी चालवून त्याला उठवा. बाकी पर्व्ह्यू ज्या नावानं डेटाबेसमध्ये येते त्या नावाला वाचायचा हक्क द्यायला विसरू नका, नुसतं पोर्टलवर रीडर केलं म्हणजे टेबलं वाचता येतात असं नाही, डेटाबेसच्या आत जाऊन यूजर बनवावा लागते.

वरूडहून, संत्रा बागायतदारांच्या एका गटाचं काम पाहणारे:

आमच्याकडे उलटं झालं बाप्पा. सगळंच लाल. गावाचं नाव सोडून जवळपास प्रत्येक कॉलमला 'गोपनीय' लागलं. मुलं म्हणतात आता लेबलाकडे पाहतच नाही आम्ही. आम्ही स्वतःचा नियम लिहिला होता की कॉलमच्या नावात 'खाते' आलं की बँकेची माहिती समजायची.

उत्तर: तुम्ही पाठवलेल्या कॉलमच्या यादीत चार ठिकाणी 'खाते' आहे, मी मोजले. एक बँक खाते. एक आठ-अ चा खाते क्रमांक, तो तर तलाठ्याकडचा जमिनीचा, त्याचा बँकेशी काही संबंध नाही. एक 'खाते प्रकार', त्यात बचत नाहीतर चालू एवढेच शब्द. आणि एक 'खातेदार', म्हणजे नुसतं नाव. मशीनला तुम्ही सांगितलं की खाते दिसलं की धर, तिनं चारही धरले. मराठीत एका शब्दाला इतके अर्थ की कॉलमच्या नावावर भरवसा ठेवणं अवघड आहे, म्हणून नियमात नाव आणि आतला नमुना दोन्ही द्या. आयएफएससी कोड ओळखायला फार सोपा आहे, अकरा अक्षरांचा, पहिली चार इंग्रजी अक्षरं, पाचवं नेहमी शून्य, मग सहा. तो ज्या टेबलात सापडला तिथलं बँकेचं खातं शोधणं सोपं जाते. खाते क्रमांक बँकेगणिक वेगळ्या लांबीचे असतात, त्यामुळं नुसत्या आकड्यांवर नियम लिहिला तर सातबाऱ्यापासून मोबाइलपर्यंत सगळंच त्यात येऊन पडते.

याच्या उलटही होते ते सांगतो. अझ्युरच्या डेटाबेसमध्ये स्वतःचं पण एक वर्गीकरण आहे, पर्व्ह्यूपासून वेगळं, ते कॉलमच्या नावांवरून शिफारस देते. तुमच्या 'भ्रमणध्वनी' कॉलमला त्यात काहीच शिफारस आली नसेल, कारण त्याला फोन, मोबाइल हे शब्द माहीत, भ्रमणध्वनी नाही. जिल्ह्यातल्या कितीतरी सॉफ्टवेअरमध्ये मी हाच शब्द पाहिला आहे आणि प्रत्येक वेळी तो मोबाइलचा कॉलम उघडा राहिलेला असते. शिफारशीचे शब्द आपले आपण वाढवता येतात, त्यात भ्रमणध्वनी, आधार_क्र, जन्मतारीख हे घाला, आणि इंग्रजी लिपीत लोक जसं लिहितात तसंही घाला. आणि लक्षात असू द्या, तिथली शिफारस म्हणजे लेबल नाही. ती स्वीकारून सेव्ह केल्याशिवाय काहीच लागत नाही.

तुमची मुलं लेबलाकडे पाहत नाहीत हे मात्र मनावर घ्या. आधी तीन कॉलमवरच लेबल ठेवा, आधार, बँक खातं, मोबाइल. बाकीचं काढून टाका. लोकांना लाल रंगाचा अर्थ परत कळू द्या, मग वाढवा.

पुसदहून एक विद्यार्थी:

सर, लेबल लागलं म्हणजे डेटा लॉक होते का?

उत्तर: नाही. डेटा मॅपमधलं लेबल ही फक्त नोंद आहे, टेबलातला एकही आकडा त्यानं झाकल्या जात नाही, ज्याला वाचायचा हक्क आहे तो तसाच वाचते. झाकायला मास्किंग, परवानग्या, एन्क्रिप्शन हे सगळं वेगळं करावं लागते. लेबल सांगते की ते कुठं करायचं.

कोरची भागातून, आरोग्याचं काम करणाऱ्या एका संस्थेतली ताई:

आम्ही गावोगावी सिकलसेलची तपासणी करतो, आता सगळी नोंद क्लाउडवर आहे. तुमचा लेख वाचून स्कॅन केलं. आधारला लेबल लागलं, मोबाइलला लागलं, पण ज्या कॉलममध्ये तपासणीचा निकाल आहे त्याला मशीननं काहीच लावलं नाही, साधा कॉलम म्हणून सोडून दिला. मला वाटते त्याच कॉलमला पहिले लागायला पाहिजे होतं. आधीची यादी तीन पेनड्राइव्हवर पण आहे. काय करू?

उत्तर: ताई, तुम्हाला वाटते ते अगदी बरोबर आहे, आणि या पानावर आजपर्यंत आलेल्या प्रश्नांत मला हा सगळ्यात महत्त्वाचा वाटला, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मशीन ओळखते ती आकड्यांची ठेवण. बारा आकडे, तपासणीचं गणित, पाच अक्षरं चार आकडे एक अक्षर असला पॅन. तुमच्या निकालाच्या कॉलममध्ये काय आहे? एए, एएस, एसएस, म्हणजे निरोगी, वाहक, आजार असलेला. दोन अक्षरं. हजारो ओळी असल्या तरी वेगळ्या किमती तीनच, म्हणजे घाटंजीच्या ताईंना सांगितलेली ती आठची अट इथं कधीच पूर्ण होणार नाही. तुम्ही स्वतःचा नियम लिहून तो आकडा खाली आणू शकता, पण मग दोन अक्षरांचा प्रत्येक कॉलम त्यात येईल, तालुक्याचा कोड, शर्टाचा साइज, सगळं. मशीनला ते कधी कळणार नाही की या दोन अक्षरांवर एखाद्या पोरीचं लग्न मोडू शकते.

मी हे पुस्तकातून लिहीत नाही. आमच्या गावात काही वर्षांपूर्वी एक शिबिर झालं, आणि नंतर निकालाची यादी एका कार्यालयाच्या भिंतीवर खळीनं चिकटवली होती, कोणाला न्यायला यावं लागू नये म्हणून, चांगल्या मनानंच. नाव, बापाचं नाव, वय, निकाल. कोणीतरी एएस वाल्या नावांखाली लाल पेनानं रेघा ओढल्या. माझ्या मावसबहिणीचं नाव त्यात होतं. तिला काही आजार नव्हता, ती फक्त वाहक होती, आणि वाहक माणूस धडधाकट असते. पण महिनाभरात पाहायला येणारे लोक थांबले, आणि मावशी ती यादी नखानं खरवडत होती ते मी पाहिलं, खळ वाळून कडक झाली होती, कागद निघत नव्हता.

तपासणी गरजेचीच आहे, त्यात वाद नाही. आईबाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला सिकलसेलचा आजार होण्याची शक्यता चारात एक असते, म्हणून लग्नाआधी दोघांना कळणं फार मोलाचं आहे. केंद्र सरकारनं १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं ते याचसाठी, आणि गडचिरोली, मेळघाट, गोंदिया या आपल्या पट्ट्यात हा आजार किती आहे ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. पण निकाल त्या दोघांना कळायचा आहे, पूर्ण पंचक्रोशीला नाही.

कायद्याच्या भरवशावर पण राहू नका. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, माहिती सांभाळण्यात हयगय झाली तर २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण त्या कायद्यात 'संवेदनशील' असा वेगळा वर्ग ठेवलेला नाही, गावाचं नाव आणि सिकलसेलचा निकाल दोन्ही वैयक्तिक माहितीच. म्हणजे कोणता कॉलम जपायचा हे तुम्हालाच ठरवावं लागणार, आणि ते तुम्ही ठरवलं आहे.

आता करायचं काय ते. या कॉलमसाठी आपोआपची वाट पाहू नका, हातानं लावा. डेटाबेसमध्येच 'ॲड सेन्सिटिव्हिटी क्लासिफिकेशन' ही कमांड आहे, एका ओळीत टेबल, कॉलम, लेबल, माहितीचा प्रकार 'आरोग्य' आणि श्रेणी द्यायची. श्रेणीत सगळ्यात वरची क्रिटिकल आहे, तीच द्या. मग ऑडिटिंग चालू करा, म्हणजे कोणी हा कॉलम काढून पाहिला की ऑडिटच्या नोंदीत त्या लेबलासकट लिहिल्या जाते, कोणी, कधी. हा हातानं लावलेल्या लेबलाचा सगळ्यात मोठा फायदा आहे.

नुसतं मास्किंग करून निर्धास्त होऊ नका. मास्किंगनं निकाल झाकलेला दिसते पण ज्याला क्वेरी लिहिता येते तो 'निकाल एसएस आहे अशांची नावं दे' असं विचारून यादी काढू शकते, झाकलेल्या कॉलमवरूनही. त्यापेक्षा निकाल वेगळ्या टेबलात न्या, तिथं नाव नको, आधार नको, फक्त तुमच्या संस्थेनं त्या माणसाला दिलेला क्रमांक ठेवा, आणि ते टेबल वाचायचा हक्क समुपदेशक आणि डॉक्टर एवढ्यांनाच द्या. डेटा भरणाऱ्या मुलांना टाकता यावं, वाचता येऊ नये, असाही हक्क देता येते.

'शेरा' नावाचा कॉलम असेल तर तोही एकदा स्वतः वाचून काढा. गावात काम करणारी माणसं शेऱ्यात मोकळं लिहितात, 'बहिणीला पण आहे', 'लग्न जुळलं आहे, सांगू नका' असं. त्याला कोणतंच मशीन लेबल लावत नाही आणि बहुतेक वेळा सगळ्यात नाजूक तेच असते.

आणि क्लाउडवरचं झालं की त्या तीन पेनड्राइव्ह स्वतःजवळ मागून घ्या, कोणाकोणाच्या कॉम्प्युटरला लागल्या होत्या ते विचारा, आणि तिथल्या डाउनलोडच्या फोल्डरमधून ती यादी पुसेपर्यंत तिथून उठू नका.